दाराचे तोंड परराज्यात

मित्रांनो, आधी पाय पुसा आणि मग आत या. रागावू नका, ही माझी जुनी सवय आहे. मी एक जुने दार आहे. जाड फळ्यांचे, एकाच झडपेचे, आणि वरची बिजागरी जरा कुरकुरणारी. दाराला कान लावून लोक आतले बोलणे ऐकतात, पण दाराचे बोलणे ऐकायला कुणाला वेळ नसतो. आज तुम्ही आलाच आहात, तर ऐका. माझ्या घरच्यांनी मला एकदा एका भिंतीतून काढून दुसऱ्या भिंतीत बसवले आणि पुढे त्याच कारणाने या घरातल्या मुलीचे शिक्षण अडले. ती अडचण कशी सुटली, हे मला सांगायचे आहे. सांगताना घरच्या माणसांची थोडी बढाई झाली तर चालवून घ्या. मला त्यांचा अभिमान आहे आणि तो लपवायला मी काही कपाट नाही.

मला एका तिरसट सुताराने घडवले. तो कुणाचे कौतुक करत नसे. रंधा मारून झाला की तो माझ्या अंगावरून तळहात फिरवत जाई, आणि कुठे कुसळ लागले की स्वतःलाच दोन शब्द सुनावून पुन्हा कामाला लागे. मला बनवून घेणारे होते या घराचे आजोबा. तेव्हा ते आजोबा नव्हते, चांगले तरणेताठे होते आणि सायकली दुरुस्त करत.

"हे दार तुझी नातवंडंसुद्धा वापरतील," सुतार म्हणाला.

"आधी बायको तर मिळू दे," आजोबा म्हणाले.

दोघेही हसले. मला मात्र तेव्हापासूनच त्या नातवंडांची वाट पाहायची सवय लागली.

आजोबांनी मला पूर्वेच्या भिंतीत बसवले. तिकडे एक बोळ होता. बोळ शांत होता, सावलीचा होता, फक्त त्यातून सायकली जात नसत. दिवसभरात एखादे गिऱ्हाईक यायचे, तेही हवा भरायला, आणि हवा भरून गप्पा मारत बसायचे. आजोबा सकाळी मला उघडत, संध्याकाळी लावत, आणि मधल्या वेळात आपल्याच सायकलीची तार घट्ट करत बसत. त्या दिवसांत माझ्या बिजागऱ्या अगदी नव्यासारख्या राहिल्या. काम नसले की दार खराब होत नाही, पण घर खंगते.

मग पश्चिमेला मोठा रस्ता झाला. तो शेजारच्या राज्याने बांधला होता, कारण तिकडची जमीन त्या राज्याची. आमच्या घराच्या आसपास कुठेतरी दोन राज्यांची सीमा आहे, हे सगळ्यांनाच ऐकून माहीत होते. पण सीमा म्हणजे काही भिंत नव्हे. तिच्यावरून कोंबड्या जात, मुले जात, उसनी पातेली जात. नव्या रस्त्यावरून मात्र सायकलींची रीघ लागली. शाळेची मुले, कारखान्याचे कामगार, दूधवाले. आणि आमच्या घराची त्यांच्याकडे पाठ!

आजोबांनी काय केले असेल? त्यांनी मला चौकटीसकट उचकटून काढले आणि पश्चिमेच्या भिंतीला भोक पाडले. शेजारी येऊन सांगून गेले, की घराचे तोंड असे फिरवू नये, चांगले दिसत नाही. आजोबा म्हणाले, "तोंड गिऱ्हाइकाकडे असावं, एवढं मला कळतं." रस्त्यासाठी तिकडे भराव टाकला होता. त्या भरावातून एका घडीव दगडाचे फक्त डोके वर आलेले होते, भिंतीला लागूनच. आजोबांनी मला नेमके त्याच्या मागे बसवले. आयती पायरी मिळाली. कुणी विचारले, की पायरी छान आहे, कुठून आणली, तर ते म्हणत, "सरकारनं बसवून दिलीय." आजोबांना थट्टा करायची खोड होती, त्यामुळे ही थट्टाच समजून लोक हसत. तेही हसत.

पूर्वेकडचे माझे जुने खिंडार नव्या लाल विटांनी बुजवले. पुढे बोळाच्या तोंडाशी थेट रस्त्यापर्यंत पोचणारे एक मोठे गोदाम उभे राहिले, तिकडून एक माणूस कसाबसा जाईल एवढीच फट उरली. तिकडची आठवण हळूहळू कुणाला राहिली नाही. मला राहिली. आपण जिथे पहिल्यांदा उभे राहिलो ती जागा विसरता येत नाही.

नव्या जागी माझे दिवस पालटले. सकाळी मला उघडायच्या आधीच बाहेर घंट्या वाजू लागत. लोक अक्षरशः उंबरठा झिजवत होते. रस्त्याच्या नगरपालिकेचा माणूस आला आणि त्याने माझ्या छातीवर घरक्रमांकाची पाटी ठोकली. खिळे दुखले, पण मान वाटला. त्या पाटीच्या पत्त्यावर टपाल येऊ लागले. विजेची तार रस्त्यावरच्या खांबावरून आली. शाळा रस्त्याच्या पलीकडे होती, तिथे या घरची मुले जाऊ लागली. मतदानाची नावेही तिकडच्याच यादीत गेली, कारण यादी करणारा माणूस दारावरची पाटी बघून नावे लिहीत आला. बघता बघता सगळे घर कागदावर शेजारच्या राज्यात जाऊन राहिले. प्रत्यक्षात ते जागचे हललेही नव्हते. फक्त माझे तोंड तिकडे होते.

आजोबा गेले. दुकान त्यांच्या मुलाकडे आले, म्हणजे ज्यांना मी आता बाबा म्हणतो. बाबा अबोल आणि कामाला चोख. आई त्यांच्या उलट, स्वयंपाकघरातून सगळ्या घरावर तिचे राज्य. आणि मग आली ती नात, जिची मी केव्हापासून वाट पाहत होतो.

तिचे खरे नाव काहीतरी वेगळे होते, पण ते शाळेतच राहिले. घरी आणि रस्त्यावर सगळे तिला टिटवी म्हणत. कारण तिला हळू बोलता येत नसे आणि गप्प बसता येत नसे. सायकलच्या साखळीला दात का असतात? कुत्र्याला घाम का येत नाही? दगडाखालचा विंचू काय खातो? आणि दार! मित्रांनो, आजवर मला अनेकांनी लावले. कुणी लोटले, कुणी ओढले, कुणी पायाने ढकलले. टिटवी मला आपटायची. आत येताना खांद्याने उघडायची आणि मागच्या मागे टाचेने असे भिरकावायची, की भिंतीवरचे पाने आणि पक्कडी खणखणत.

"दार आहे ते, ढोल नाही!" बाबांच्या तोंडून दिवसात तेवढे एकच मोठे वाक्य निघे.

आणि आतून, मान वर न करता, आई म्हणे, "टिटवी आली."

आमच्या रस्त्यावर एक कुत्रा होता. गोदामाच्या कोपऱ्यात एक दगड आहे, त्यावर तो दिवसभर ऐटीत बसायचा, म्हणून त्याला शेठ म्हणत. एकदा त्याच्या पंजात काच गेली. तो कुणाला जवळ येऊ देईना. टिटवी त्याच्यासमोर फतकल मारून बसली आणि बोलत राहिली, बोलत राहिली. शेवटी शेठने, बहुधा कंटाळून, पंजा तिच्या हातात दिला. तिने काच काढली, पंजा धुतला, आणि पंक्चरच्या कात्रीने जुन्या धोतराची पट्टी कापून बांधली. त्या संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केले, "मी जनावरांची डॉक्टर होणार."

आईबाबा हसले नाहीत. या घरात मुलांच्या बोलण्यावर हसायची पद्धत नव्हती, आणि मला ती पद्धत फार आवडायची.

जनावरांच्या डॉक्टरचे शिक्षण शेजारच्या राज्यात नव्हतेच. ते होते आमच्या राज्याच्या सरकारी विद्यापीठात. आमच्या म्हणजे, ज्या राज्यात आमची चूल आहे त्या राज्यात. टिटवी अभ्यासाला लागली. तिची खाट पूर्वेच्या भिंतीशी होती, नेमकी त्या लाल विटांना टेकून. म्हणजे मी पूर्वी जिथे उभा होतो तिथे ती पाठ टेकून वाचत बसे. मला दुरून ते दिसे आणि बरे वाटे. चांगले गुण मिळाले. फार चांगले नव्हेत, पण चांगले. तिने प्रवेशाचा अर्ज भरला आणि दाराच्या पाटीवरचा पत्ता जसाच्या तसा त्यात उतरवला. दुसरा कुठला उतरवणार?

काही आठवड्यांनी तिच्या मोबाइलवर निरोप आला. ती दुकानात उभी राहून मोठ्याने वाचत होती आणि अचानक तिचा आवाज खाली गेला. तिचा आवाज खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"बाबा, त्यांनी मला बाहेरच्या राज्यातली धरलंय."

"म्हणजे काय होतं?" आईने विचारले.

टिटवीने समजावून सांगितले. विद्यापीठ राज्याच्या लोकांच्या करातून चालते. म्हणून बहुतेक जागा राज्यातल्या मुलांसाठी ठेवलेल्या असतात. बाहेरच्या मुलांसाठी थोड्याच जागा, आणि त्यांवर सगळीकडची हुशार मुले तुटून पडतात. राज्यातल्या मुलांच्या रांगेत तिचे गुण पुरले असते. बाहेरच्यांच्या रांगेत ते कुठल्या कुठे राहिले होते.

"घरच्या पानात आधी वाढायचं, हे बरोबरच आहे," आई म्हणाली. "पण आपण घरचेच आहोत ना?"

"पाटीवर नाही," टिटवी म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, तेव्हा मला भिंतीत शिरून जावेसे वाटले. मी भिंतीतच होतो, हा भाग वेगळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. मामा म्हणजे आईचे भाऊ, राज्याच्या आतल्या बाजूला मोठ्या गावात राहणारे. प्रेमळ माणूस, फक्त प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक आडवाट असे.

"एवढंच ना? ही पोरगी माझ्याकडे राहते असं लिहून देतो मी. लहानपणापासून राहते. कोण बघायला येतंय?"

आईने मामांकडे पाहिले आणि मग मुलीकडे. आईच्या डोळ्यांत मोह होता, खोटे कशाला सांगू. लेकीचे स्वप्न समोर तुटत असताना कोणत्या आईला होणार नाही?

"पण मी तुमच्याकडे राहत नाही, मामा," टिटवी म्हणाली. "मी इथे राहते. मी राज्यातली आहे हे खरंच आहे. मग खऱ्यासाठी खोटं कशाला सांगू? आणि पुढे कुणी विचारलं, तर मी माझं घर कुठलं सांगायचं?"

"तत्त्वं जपून डॉक्टर होता येत नाही ग पोरी."

"मग होणार नाही." आणि ती बाहेर गेली. जाताना मला असे आपटले, की पाटीचा एक खिळा निघून खाली पडला. मला लागले, पण मी कुरकुरलो नाही. अशा मुलीच्या हातून लागलेले कुणी मनावर घेत नाही.

बाबा उठले. त्यांनी आजोबांच्या जमिनीचा जुना कागद काढला आणि विद्यापीठाच्या कचेरीत गेले. कागदात जमीन आमच्या राज्यातली होती. पण कागदावर जमिनीचा तुकडा होता, पाटीवर घराचा क्रमांक होता, आणि दोन्ही एकच आहेत हे कोण सांगणार? खिडकीतला कारकून म्हणाला होता, "काका, जमीन या राज्यात आणि घर त्या राज्यात, असं कसं असेल? एक काहीतरी चुकलंय." बाबा परत आले ते मान खाली घालून. पण त्यांनी तिथे एक गोष्ट केली होती. त्यांनी लेखी विनंती दिली होती, की कुणीतरी येऊन घर बघून जावे. "चहा आम्ही करू," असेही शेवटी लिहिले होते. हे ऐकून आईने कपाळावर हात मारला.

आणि मित्रांनो, खरेच एक बाई आल्या.

त्या विद्यापीठात रहिवासाची पडताळणी करणाऱ्या अधिकारी होत्या. मध्यमवयीन, चष्म्याला दोरी लावलेली, खांद्याला कापडी पिशवी. बसने आल्या होत्या, उन्हातून चालत आल्या होत्या. मी आयुष्यात पुष्कळ अधिकारी पाहिले आहेत. ते पायरीवर उभे राहतात, पाटी वाचतात, काहीतरी लिहितात आणि जातात. या बाईंनीही आधी पाटी वाचली. मग पाय पुसायला खाली पाहिले आणि तशाच खाली पाहत राहिल्या.

त्यांनी पायरीकडे पाहिले, मग रस्त्याच्या कडेने दूर गोदामाच्या कोपऱ्याकडे पाहिले.

"तो कुत्रा रोज तिथेच बसतो का?"

"हो, तो शेठचा दगड आहे," टिटवी म्हणाली. "तिथून तो कुणाला उठवू देत नाही."

"मग त्याच्या दगडाची आणि तुमच्या पायरीची घडण एकसारखी कशी?"

बाबा पान्याने काहीतरी आवळत होते. ते म्हणाले, "काय माहीत. आमचे वडील म्हणायचे, की ही पायरी सरकारनं..." पाना हातातून पडला.

इतकी वर्षे ज्या थट्टेवर सारे घर हसले होते, ती थट्टा नव्हतीच!

टिटवीने रॉकेलचा डबा आणि तारेचा ब्रश आणला. साखळ्या धुवायचे ते सामान. पायरीवर वर्षानुवर्षांचे ग्रीस, रंगाचे शिंतोडे आणि हजारो चपलांचा मळ बसलेला होता. ती गुडघ्यावर बसून घासत राहिली. आधी काळे पाणी आले, मग तपकिरी, मग दगडाचा खरा रंग दिसला. दगडाच्या माथ्यावर मधोमध एक खोदलेली रेघ होती. रेघेच्या एका बाजूला एका राज्याचे अक्षर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे. आमच्या राज्याचे अक्षर माझ्याकडे तोंड करून होते. मी इतकी वर्षे त्याच्यासमोर उभा होतो आणि मला वाचता येत नव्हते.

"हा सीमेचा दगड आहे," बाई म्हणाल्या. आई आनंदाने पुढे आली, तर बाईंनी हात वर केला. "थांबा. दगड हलवलेलाही असू शकतो. तुमच्या सासऱ्यांनी सोयीसाठी जरा सरकवून घेतला असेल, तर यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलट सीमा घरातूनही जात असेल."

घरातून! आईने मागे वळून आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, की बाई, दगड कुणी हलवला नाही, मी साक्षीला होतो, त्यानेच मला जागा दाखवली! पण वाऱ्याने मी नुसता कुरकुरलो आणि बाबांनी मला हाताने धरून गप्प केले.

"असे दगड सरळ रेषेत लावलेले असतात," बाई म्हणाल्या. "शेठच्या बाजूला एक आहे. दुसऱ्या बाजूला आणखी एखादा सापडला पाहिजे."

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत टिटवी धावली. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पावसाचे पाणी जायची एक मोरी आहे. तिथल्या गवतात ती शिरली, गवत उपटू लागली, आणि तिथूनच ओरडली. तिचा आवाज कसा आहे, हे मी सांगितलेच आहे. सगळा रस्ता गोळा झाला.

सायकलींच्या मागे सामान बांधायच्या दोऱ्या दुकानात लटकत असत. बाबांनी त्या एकमेकींना बांधून एक लांबच लांब दोरी केली. एक टोक गोदामाच्या पहारेकऱ्याने शेठच्या दगडाच्या रेघेवर धरले. शेठ उठायला तयार नव्हता, म्हणून पहारेकऱ्याला त्याच्या पोटाखाली हात घालावा लागला. दुसरे टोक टिटवीने मोरीजवळच्या दगडावर धरले. आणि मधे, माझ्या पायाशी, बाई उकिडव्या बसल्या.

"ताणा!" त्या म्हणाल्या.

दोरी ताणली. ती आधी वाऱ्याने आमच्या भिंतीकडे झुकली. आईने तोंडावर पदर धरला. दोरी जर माझ्या आत शिरली असती, तर घर निम्मे इकडे आणि निम्मे तिकडे झाले असते, आणि त्या मुलीचे काय झाले असते कोण जाणे. बाईंनी हात लावला नाही. त्या वारा थांबायची वाट पाहत राहिल्या. वारा पडला, दोरी स्थिर झाली, आणि पायरीवरच्या खोदलेल्या रेघेत जाऊन अशी बसली, की जणू तिच्यासाठीच ती खोबण केली होती.

दगड हलला नव्हता. रेघेच्या आत मी होतो, माझ्या आत भिंती होत्या, भिंतींच्या आत चूल, खाट, पुस्तके, सगळे. रेघेच्या बाहेर फक्त अर्धी पायरी होती.

लोकांनी एकच गलका केला. त्यांतल्या निम्म्यांना काय चालले आहे ते माहीतही नव्हते. बाबांनी पायरीकडे पाहत खालच्या आवाजात म्हटले, "आण्णा, नीट सांगायचं तरी होतं हो." आण्णा म्हणजे आजोबा. मग त्यांना हसू आले आणि हसताना डोळे पुसावे लागले.

बाईंनी फोटो काढले, मोजमापे घेतली. मग पायरीवरून पाय उचलला, उंबरठ्याच्या आत ठेवला आणि म्हणाल्या, "चला, आता मी आपल्या राज्यात आले. आता तो लेखी कबूल केलेला चहा द्या."

त्या अख्ख्या घरातून फिरल्या. मुलगी झोपते कुठे, हे त्यांनी पाहिले. खाटेमागच्या विटांचा वेगळा रंग पाहून त्यांनी विचारले, आणि बाबांनी सांगितले, की पूर्वी दार इथे होते. बाईंनी त्या विटांवर हात ठेवला, मग लांबून माझ्याकडे पाहिले. दाराकडे असे कुणी पाहत नाही. म्हणजे दारातून पाहतात, दाराकडे नाही.

"पण तिची शाळा तिकडची आहे," आईने घाबरत सांगितले. आईला आता काहीच लपवायचे नव्हते.

"नियमात राहतं घर विचारलंय," बाई म्हणाल्या. "जवळची शाळा म्हणून पोर रस्ता ओलांडून गेली, तर तेवढ्यानं काही ती परकी होत नाही. मी एकटी निर्णय देत नाही, समितीपुढे ठेवीन. पण जे पाहिलं ते सगळं ठेवीन." आणि टिटवीला म्हणाल्या, "राज्यातली ठरलीस तरी प्रवेश मिळालाच असं नाही हं. रांग बदलेल, गुण तुझे तेच राहतील."

"तेवढंच हवंय," टिटवी म्हणाली. "माझ्या रांगेत उभी राहून हरले तर चालेल."

त्या बाईंबद्दल मला अतिशय आदर वाटतो. नियम त्यांनी कुणासाठी वाकवला नाही. त्या फक्त बसने आल्या आणि त्यांनी वाकून बघितले.

वाट पाहण्याचे दिवस कठीण गेले. बाबांना चैन पडेना. ते एकदा पूर्वेच्या भिंतीशी जाऊन टेप लावून विटा मोजू लागले. मला पुन्हा तिकडे बसवायचा विचार होता. माझ्या मनात काय झाले म्हणून सांगू! जुनी जागा मिळणार याचा आनंदही झाला आणि रस्ता सुटणार याचे दुःखही. पण टिटवी म्हणाली, "दार कुठेही असलं तरी घर तेच आहे ना, बाबा? तेच तर सिद्ध करतोय आपण." बाबांनी टेप गुंडाळून ठेवला.

मग एका सकाळी निरोप आला, की समितीने तिला राज्याची रहिवासी मानले. आणि त्यानंतर प्रवेशाची यादी आली. टिटवीचे नाव वरून शोधता शोधता सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. शेवटी आई म्हणाली, "खालून बघ." खालून चटकन सापडले. जागा शेवटच्या काहींतली होती, पण होती तिची, तिच्या रांगेतली. बाबांनी त्या दिवशी आलेल्या प्रत्येक सायकलीला फुकट तेल घातले. माझ्या बिजागरीला घालायचे मात्र विसरले. आनंदात माणसे जवळच्यालाच विसरतात, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

ती गेली, तो दिवस मला नीट आठवतो. शेठच्या डोक्यावर हात फिरवून आली, आईच्या पाया पडली, बाबांनी पिशवी सायकलीला बांधली. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात जायला तिला आधी माझ्यातून परराज्यात उतरावे लागणार होते. तिला ते सुचले असावे, कारण पायरीवरच्या रेघेकडे बघून ती हसली. मग मागे वळली. मी तयार होतो. बिजागऱ्या घट्ट धरल्या, पाटी सावरली.

तिने मला दोन्ही हातांनी धरले आणि हळूच लावले. इतके हळू, की आत पक्कडीसुद्धा हलल्या नाहीत.

मित्रांनो, त्यानंतर घर फार नीटनेटके झाले. दार आपटत नव्हते. बाबांचे ते एक मोठे वाक्यही बंद झाले. आई कधीकधी स्वयंपाकघरातून उगाच मान वर करून माझ्याकडे बघे. माझा रंग उडाला, खालची फळी ओलीने फुगली, पण कुणाचे लक्ष गेले नाही. मीही काही म्हणालो नाही. सगळेच वाट पाहत होतो, आणि वाट पाहण्यात मी सगळ्यांत जुना होतो.

आत्मवृत्ताच्या शेवटी काही मागायची पद्धत आहे, म्हणून मागतो. तुमच्या घरच्या दारांच्या बिजागऱ्यांना अधूनमधून तेल घाला. पायरी घासत जा, तिच्यावर काय कोरले आहे ते तुम्हाला ठाऊक नसते. आणि कुणी आपला की परका हे ठरवायची वेळ आलीच, तर नुसती पाटी वाचून परत जाऊ नका. आत या, चहा घ्या.

आणखी एक सांगणार होतो, की दार आपटू नका. सगळी दारे हेच सांगतात. पण पहिल्या सुट्टीत एका दुपारी बाबा चाकाच्या तारा सरळ करत होते, आई आत होती, आणि बाहेर शेठ अचानक भुंकू लागला. कुणाच्या तरी खांद्याचा धक्का मला बसला, मी उघडलो, आणि मागून एक टाच अशी लागली, की चौकट हादरली, पाने आणि पक्कडी खणखणल्या आणि पाटी एका खिळ्यावर लोंबू लागली.

"दार आहे ते..." बाबांनी सुरुवात केली, पण पुढचे त्यांना बोलता आले नाही.

आतून, मान वर न करता, आई म्हणाली, "टिटवी आली."